पहिला बुडबुडा

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत हयात घालवलेल्या माणसाने खनिज तेलावर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण माझी धाकटी मुलगी तेलक्षेत्रात इंजिनिअर आहे. गेल्या दिवाळीत ती घरी आली, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर मी एक उद्योग केला. त्याची ही हकीकत.

आपल्या मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेल शोधलं, ते बॉम्बे हाय. तिथे खाली तेलाचं तळं असेल अशी माझी समजूत होती. तसं नसतं. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतं आणि प्रचंड दाबामुळे त्यात वायू विरघळलेला असतो. सोड्याची बाटली आठवा. बूच घट्ट असेपर्यंत आत बुडबुडा दिसत नाही. बूच उघडलं, दाब उतरला, की फसफस सुरू.

तेल काढत गेलं की खडकातला दाबही उतरतो. ज्या दाबाला वायूचा पहिला बुडबुडा सुटतो, त्याला म्हणतात बबल पॉइंट प्रेशर. दाब त्याखाली गेला की वायू मोकळा होऊ लागतो. तो पातळ, म्हणून विहिरीकडे पुढे पळतो. वायू गमावलेलं तेल घट्ट होतं आणि मागे रेंगाळतं. काही तेल कायमचं खडकातच राहतं. म्हणून तर दाब टिकवायला खाली पाणी सोडतात.

हा आकडा खात्रीने कळतो प्रयोगशाळेत. विहिरीच्या तळातून नमुना बंद नळीत आणायचा, खालच्याइतका तापवायचा आणि दाब हळूहळू कमी करत आकारमान मोजायचं. बुडबुडा सुटेपर्यंत आकारमान जेमतेम वाढतं, सुटल्यावर एकदम वाढतं. आलेखाची रेघ जिथे मोडते, तो बबल पॉइंट.

पण असा नमुना दर वेळी हाताशी नसतो. मग अंदाज काढायचा. स्टँडिंग नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या तेलांवरून त्यासाठी सूत्र बसवलं. चार गोष्टी लागतात: एका बॅरल तेलामागे किती घनफूट वायू, त्या वायूची घनता हवेच्या किती पट, तेल हलकं की जड हे सांगणारे एपीआय अंश, आणि तापमान. सॉफ्टवेअरमध्ये चार रकाने भरा, बटण दाबा, उत्तर हजर.

मी म्हटलं, “हे तर व्याजाच्या हिशेबासारखं. मी भरतो.” वायू ५००, घनता ०.७५, एपीआय ३०, तापमान ९३. उत्तर आलं, चौरस इंचाला सुमारे २,०३० पौंड. मी खूश!

लेक म्हणाली, “बाबा, ९३ सेल्सिअस झाले. त्या रकान्यात फॅरेनहाइट हवं.” तिने २०० घातलं. उत्तर आलं सुमारे २,५५०.

पाचशे पौंडांचा फरक! माझ्या आकड्यावर विसंबून कोणी दाब २,३०० पर्यंत उतरू दिला असता, तर खाली बुडबुडे केव्हाच सुटलेले असते आणि वर सगळे निर्धास्त. मशीनने मात्र एका शब्दाने हटकलं नाही.

शिवाय सूत्रं अनेक आहेत. १९८० साली ग्लासो यांनी उत्तर समुद्रातल्या तेलावरून एक दिलं, १९८८ मध्ये अल-मरहून यांनी मध्यपूर्वेतल्या तेलावरून. रकाने तेच, उत्तरं वेगवेगळी. मी विचारलं, “मग सरासरी काढायची का?” ती म्हणाली, “नाही बाबा. आपलं तेल कोणाच्या तेलासारखं आहे ते आधी बघायचं. आणि नमुना मिळाला की प्रयोगशाळेचा आकडा मानायचा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवलं ते लिफ्टचं प्रकरण. मी खजिनदार असताना नव्या लिफ्टच्या खर्चाचा अंदाज कॉम्प्युटरवर काढून सभेत मांडला होता. तक्ता सुबक, बेरीज पैशापर्यंत बरोबर. पुढे पैसे कमी पडले आणि प्रत्येक सभासदाला जादा काँट्रिब्युशन भरावं लागलं. दोन पेन्शनर घरांनी ते हप्त्याहप्त्याने भरलं. “भाव वाढले,” असं मी तेव्हा सांगितलं. खरी गोष्ट अशी की मी धरलेलं कोटेशन तीन वर्षांपूर्वीचं होतं आणि मी त्यावरची तारीख पाहिली नव्हती. बेरीज बरोबर होती, रकाना चुकला होता. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने हे तुमच्यासमोर कबूल करतो.

आता इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा अंदाज सभेपुढे येईल. तो माझा असो वा तज्ज्ञाचा, एवढं जरूर विचारा: आकडे कुठून आले, कधीचे आहेत, कोणत्या इमारतीवरून धरले, आणि प्रत्यक्ष भिंत ठोकून कोणी पाहिली का? विचारलं म्हणून कोणी रागावणार नाही. मी तर नाहीच नाही.