रस्ता भूमिगत, नदी मुक्त : माद्रिद शहराचा धडा

(नगरविकास या विषयावरील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



शहराचा विकास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम रस्ता येतो. रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल झाला, वर्तुळाकार मार्ग झाला की विकास झाला, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. रस्त्यावाचून शहर चालत नाही. परंतु जो रस्ता शहराला जोडण्यासाठी बांधला, तोच शहराचे दोन तुकडे करू लागला तर काय करावे? या प्रश्नाला स्पेनच्या राजधानीने, माद्रिदने, एक मोठे उत्तर दिले. त्या उत्तरात साहस आहे, दूरदृष्टी आहे, तशाच गंभीर त्रुटीही आहेत. आज या सर्वांचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

लहान नदी, मोठा रस्ता

इ. स. १५६१ मध्ये राजा दुसरा फिलिप याने आपला दरबार माद्रिदला आणला आणि ते गाव राजधानी झाले. लंडनला थेम्स आहे, पॅरिसला सीन आहे. माद्रिदच्या वाट्याला मात्र मान्सानारेस नावाची एक लहानशी नदी आली. सोळाव्या शतकात हुआन दे एरेरा या स्थापत्यकाराने तिच्यावर सेगोविया पूल बांधला, तेव्हा ‘एवढा भव्य पूल आणि पाणी मात्र एवढेसे’ अशी थट्टा तेथील कवींनी केली. तरीही नदी लोकांची होती. शहराचे रक्षक मानले जाणारे संत इसिद्रो हे शेतकरी होते. दर वर्षी १५ मे रोजी त्यांची यात्रा भरते. गोया या विख्यात चित्रकाराने १७८८ मध्ये नदीकाठच्या कुरणावर जमलेला तो जनसमुदाय चित्रबद्ध केला.

विसाव्या शतकात मोटारी वाढल्या. शहराभोवती एम-३० हा सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा वर्तुळाकार मार्ग आखला गेला आणि १९७४ मध्ये त्याचे पहिले टप्पे खुले झाले. एवढा मोठा मार्ग काढण्यास मोकळी जागा कोठून मिळणार? आखणी करणाऱ्यांनी पाण्याचीच जागा घेतली. पूर्वेकडे आब्रोन्यिगाल नावाचा ओढा होता. तो बंदिस्त करून त्याच्या खोऱ्यातून रस्ता नेला. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे मान्सानारेसच्या दोन्ही काठांनी रस्ता धावू लागला. नदी दोन भिंतींमध्ये कोंडली गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा आल्या.

परिणाम काय झाला? नदीच्या एका तीरावर राजवाडा आणि जुने शहर, दुसऱ्या तीरावर लातिना, काराबांचेल, उसेरा या कष्टकऱ्यांच्या वस्त्या. दोहोंमधील अंतर काहीशे पावलांचे. पण पायी जाणाऱ्याला ते ओलांडणे जिकिरीचे झाले. मुलांनी नदीवर जावे, वृद्धांनी काठावर बसावे, हे संपले. ज्यांची घरे रस्त्याला लागून होती, त्यांच्या वाट्याला अहोरात्र आवाज आणि धूर आला. शहराच्या सोयीची किंमत शहराच्या एकाच भागाने मोजावी, हा अन्याय तीस वर्षे चालला.

जमिनीखाली नेलेला महामार्ग

२००३ मध्ये आल्बेर्तो रुइस-गायार्दोन हे महापौर झाले. त्यापूर्वी आठ वर्षे ते माद्रिद प्रांताचे प्रमुख होते आणि त्या काळात मेट्रोचे जाळे मोठ्या प्रमाणावर विस्तारले होते. त्यांनी एम-३० केंद्र सरकारकडून महापालिकेच्या ताब्यात घेतला आणि २००४ मध्ये त्याच्या पुनर्बांधणीस हात घातला. नदीकाठचा रस्ता भुयारात न्यावयाचा, वरची जमीन नागरिकांना परत करावयाची आणि हे सर्व २००७ च्या निवडणुकीपूर्वी उरकावयाचे, असा तो संकल्प होता.

नदीकाठी प्रामुख्याने उघडा खंदक खणून, त्यात बोगदा बांधून, वर छत घालण्याची पद्धत वापरली. दक्षिणेकडील जोडमार्गासाठी मात्र जमिनीच्या पोटातून बोगदे खोदावे लागले. त्यासाठी सुमारे १५ मीटर व्यासाची दोन अजस्र यंत्रे आणली गेली. त्यांची नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एकीचे नाव दुल्सिनेआ, म्हणजे डॉन क्विक्झोटची मानसप्रिया. दुसरीचे तिसोना, म्हणजे एल सिद या स्पॅनिश वीरपुरुषाची तलवार. मुंबईच्या किनारी मार्गाचे बोगदे ज्या यंत्राने खोदले, त्या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राला आपण ‘मावळा’ हे नाव दिले. आधुनिक यंत्रालाही आपल्या परंपरेतील नाव द्यावे, ही ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

२००७ मध्ये बोगदे वाहतुकीस खुले झाले. त्यानंतर वरच्या जमिनीचे काम सुरू झाले. गिनेस गारिदो यांच्या नेतृत्वाखालील माद्रिदचे वास्तुरचनाकार आणि वेस्ट ८ ही डच संस्था यांनी मिळून ‘माद्रिद रिओ’ हे उद्यान रचले. २०११ मध्ये ते पूर्णत्वास आले. तीस हजारांहून अधिक झाडे लावली गेली. यातील बराचसा भाग बोगद्याच्या छतावर आहे, म्हणजे झाडाच्या मुळांना मिळणारी माती मर्यादित. म्हणून कोरड्या हवेत आणि कमी मातीत तग धरणारा पाइन हा वृक्ष मुख्यत्वे निवडला. आव्हेनिदा दे पोर्तुगाल हा रस्ता पश्चिमेला चेरीच्या बागांच्या प्रदेशाकडे जातो. तो भूमिगत झाल्यावर वरच्या भागात चेरीची झाडे लावली. भूमीचा स्वभाव ओळखून केलेली ही योजना आहे.

अठराव्या शतकातील तोलेदो पूल पुन्हा पादचाऱ्यांना निवांतपणे चालण्याजोगा झाला. दोन नव्या पादचारी पुलांच्या छतावर त्याच परिसरातील सामान्य रहिवाशांच्या प्रतिमा लावल्या आहेत. ज्यांना तीस वर्षे रस्त्याने दूर ठेवले, त्यांचेच चेहरे नदीवर आले.

हिशेबाची दुसरी बाजू

बंधुभगिनींनो, एवढ्यावर थांबलो तर हे भाषण माहितीपत्रक होईल. या कार्याचा हिशेब तीन ठिकाणी तपासला पाहिजे.

पहिला हिशेब पैशाचा. रस्त्याच्या कामांवर सुमारे चार अब्ज युरो खर्च झाले. त्या काळच्या विनिमयदराने वीस हजार कोटी रुपयांहून अधिक. उद्यानाचा खर्च त्याच्या साधारण एकदशांश. पुढे २००८ नंतर स्पेनवर आर्थिक संकट कोसळले, तेव्हा माद्रिद ही देशातील सर्वाधिक कर्जबाजारी महापालिका ठरली. तिचे कर्ज सात अब्ज युरोंच्या वर गेले. ते सर्व या एका प्रकल्पाचे नव्हते, पण मोठा भार त्याचाच होता. जी पिढी उद्यानात खेळली, तिलाच ते फेडावे लागले.

दुसरा हिशेब विधिनियमांचा. काम वेगाने व्हावे म्हणून हा अखंड प्रकल्प १९ स्वतंत्र प्रकल्पांत विभागला गेला. तुकडे लहान दाखविले की संपूर्ण प्रकल्पाचे पर्यावरणीय मूल्यमापन टळते. कामात हजारो झाडेही गेली. ‘एकोलोखिस्तास एन आक्सिओन’ ही पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेली आणि २५ जुलै २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला : शहरातील रस्त्याच्या पुनर्बांधणीलाही हा नियम लागू होतो आणि प्रकल्पाचे तुकडे पाडून तो टाळता येत नाही. निर्णय स्पष्ट होता, पण तोपर्यंत बोगद्यांतून वाहने धावू लागली होती. उशिरा मिळालेल्या न्यायाचे बळ किती, हे यावरून कळते.

तिसरा हिशेब वाहतुकीचा. बोगद्याने मोटारी नाहीशा होत नाहीत; त्या केवळ दृष्टीआड होतात. धूर गाळून बाहेर सोडण्यासाठी मोठी यंत्रणा बसवावी लागते आणि ती सतत चालवावी लागते. शेवटी २०१८ मध्ये शहराच्या मध्यभागी अधिक प्रदूषण करणाऱ्या वाहनांवर निर्बंध घालावेच लागले. जमीन खणून जे साधले नाही, ते शिस्तीने साधण्याचा तो प्रयत्न होता.

नदी परत आली, ती कशी?

आता या कथेतील सर्वांत मार्मिक भाग. उद्यान झाले, झाडे वाढली, लोक आले. पण नदी अजून नदी झाली नव्हती. काठोकाठ भरलेली दिसावी म्हणून शहरातील बंधाऱ्यांची दारे बंद ठेवली जात. पाणी साचलेले, जणू एखादा लांबट तलाव.

२०१६ मध्ये मानुएला कार्मेना या महापौर असताना बंधाऱ्यांची दारे उघडण्यात आली. काही महिन्यांतच पात्रात वाळूची बेटे तयार झाली, त्यांवर झुडपे उगवली, बगळे आणि बदके उतरू लागली. कोट्यवधी युरोंच्या बोगद्यांनी माणसांना नदीपर्यंत आणले. पण नदीला जीव दिला तो दारे उघडण्याच्या एका साध्या कृतीने. ही योजना मांडणारी संघटना कोणती? ज्यांनी महापालिकेला न्यायालयात खेचले, तीच. आणि ती स्वीकारणाऱ्या महापौर पूर्वीच्या महापौरांच्या विरोधी विचारांच्या. एकाने रस्ता हलविला, दुसरीने पाणी सोडले, टीकाकारांनी दिशा दाखविली. या तिन्हींमुळे नदी परत आली. नगर कोणा एका पक्षाचे नसते, ते पिढ्यान्‌पिढ्यांचे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आपण काय शिकावे?

मुंबईचा किनारी मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. मलबार टेकडीखालून त्याचे सुमारे दोन किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे जातात. भराव घातलेल्या जागेवर सुमारे ७० हेक्टर हरित क्षेत्राचे आश्वासन आहे. येथेही पर्यावरणीय परवानगीचा वाद झाला : जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सागरी किनारा नियमांखालील मंजुरी रद्द केली आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती देऊन काम पुढे चालू दिले. माद्रिदचे प्रश्न आपल्या दारात आलेले आहेत.

म्हणून आपल्या शहरात बोगद्याची, वर्तुळाकार मार्गाची किंवा नदीकाठ सुधारण्याची योजना पुढे येईल, तेव्हा आंधळा विरोध नको आणि आंधळे स्वागतही नको. प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक सुजाण कुटुंबाने चार प्रश्न विचारावेत. या रस्त्याने शहर जोडले जाईल की तुटेल? कर्ज किती आणि ते कोणती पिढी फेडणार? प्रकल्पाचे मूल्यमापन अखंड झाले आहे की तुकड्यांत? आणि वरची मोकळी जागा पाच वर्षांनीही मोकळीच राहील, याची लेखी हमी कोण देणार?

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या आहेत. काही प्रकल्पांना जनसुनावणीची तरतूद आहे. या ठिकाणी आपण अभ्यास करून, आकडे घेऊन, वेळेवर उपस्थित राहिले पाहिजे. काम पूर्ण झाल्यावर काढलेले मोर्चे वर्तमानपत्रात छायाचित्र देतात; काम ठरण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न शहराचा आराखडा बदलू शकतो. आपल्या प्रभागातील पुढील सुनावणी केव्हा आहे, ही चौकशी उद्याच करावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.