कॅमेऱ्याचा पडदा काय सांगतो?

(गणेशोत्सवापूर्वी कार्यकर्त्यांच्या बैठकीत चित्रीकरण विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कपाटात आज तीन पिढ्यांचे कॅमेरे आहेत. व्हीएचएसच्या जाड कॅसेटचा एक, मिनी-डीव्हीच्या काडेपेटीएवढ्या कॅसेटचा एक, आणि मेमरी कार्डावर चालणारा एक. त्यांच्याबरोबर कॅसेटींचे दोन खण भरलेले आहेत. त्यात काय नाही? आरत्या आहेत, मंगळागौरीचे खेळ आहेत, बालनाट्ये आहेत. सर्वांत मोलाचे म्हणजे आपल्या आजी-आजोबांचे बोलणे आहे. वडोदऱ्याचे मराठी हे वेगळेच रसायन आहे. मराठी वाक्यात गुजराती शब्द कधी येऊन बसतो, हे बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. १९०९ साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरले, पण त्या वेळी घरोघरी बोलले जाणारे मराठी कानाला कसे लागत होते, हे ऐकायला आपल्याकडे काही नाही. पुढच्या पिढीने आपल्याबद्दल असे म्हणू नये, एवढ्यासाठी हा विभाग आहे.

आता कुणी म्हणेल, आजकाल कॅमेरा काय, सगळे आपोआप करतो. करतो खरा. पण जे त्याला जमत नाही, ते तो पडद्यावर सांगतो. अडचण अशी की ते आपण वाचत नाही. पडद्याच्या कडेने जी अक्षरे आणि चित्रे दिसतात, ती आपल्याला आरशावरच्या डागांसारखी वाटतात. आपण त्यांच्या पलीकडे, फक्त चित्राकडे पाहतो. आज त्या कडेकडे बघायला शिकू या.

पहिली खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. पडद्याच्या वरच्या भागात ‘एस-टी-बी-वाय’ अशी चार अक्षरे दिसली, तर कॅमेरा चालू आहे पण टिपत काहीच नाही. तो तयारीत उभा आहे. त्या जागी लाल ठिपका आणि ‘आर-ई-सी’ आले, की टिपणे सुरू झाले. दोन्ही वेळा पडद्यावरचे चित्र अगदी सारखेच दिसते, म्हणून चित्र दिसते आहे यावर विसंबू नका. बटण दाबल्यावर अक्षरे बदलली का ते पाहा, आणि शेजारचे आकडे पुढे सरकताहेत का तेही पाहा. हालणारे आकडे हाच खरा पुरावा. दोनदा बटण दाबले गेले, तर टिपणे सुरू होऊन लगेच थांबते. मग अध्यक्षांचे भाषण चालू असताना कॅमेरा तयारीत उभा असतो, आणि भाषण संपल्यावर तो टिपू लागतो! म्हणून आमच्या विभागाचा नियम असा: बटण दाबल्यावर तिथल्या तिथे पाच आकडे मनात मोजायचे, आणि पडद्यावरचे सेकंद तेवढेच पुढे गेले का ते बघायचे.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. बॅटरीची किंवा कॅसेटची खूण स्थिर असेल, तर ती नुसती माहिती आहे. ती लुकलुकू लागली की इशारा झाला. मिनी-डीव्हीच्या अनेक कॅमेऱ्यांत लुकलुकण्याच्या वेगालाही अर्थ असतो. कॅसेटची खूण हळू लुकलुकली तर फीत पाच मिनिटांहून कमी उरली आहे, किंवा कॅसेट घातलेलीच नाही, किंवा कॅसेटच्या पाठीवरची सुरक्षेची छोटी पट्टी बंद बाजूला सरकवलेली आहे. भराभर लुकलुकली तर फीत संपली. बॅटरीचेही तसेच. खूण हळू लुकलुकायला लागली की काही मिनिटे हातात आहेत. त्या काही मिनिटांत दुसरी बॅटरी आणायला धावायचे नाही. ती आधीच खिशात हवी. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला जो लाल दिवा असतो, तोही बॅटरी किंवा फीत संपत आली की लुकलुकतो. म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाचे लक्ष नसले, तरी समोर बसलेला शहाणा श्रोता त्याला खूण करू शकतो.

साठ मिनिटांच्या मिनी-डीव्ही कॅसेटवर साठ मिनिटेच बसतात. पण पडद्यावर ‘एल-पी’ दिसत असेल, तर तीच कॅसेट नव्वद मिनिटे चालते. मोह होतो. तो टाळावा. एल-पीमध्ये फितीवरच्या रेघा अधिक अरुंद होतात, आणि अशी कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात लावली की चित्राचे चौकोन चौकोन पडण्याचा धोका वाढतो. तीस मिनिटांच्या लोभापायी तीस वर्षांनी बघता येण्याची खात्री घालवायची नाही. पडद्यावर ‘एस-पी’च हवे. आवाजाच्या बाबतीतही तसेच; १२ बिट आणि १६ बिट असे दोन पर्याय दिसतील, त्यातला १६ बिटचा ठेवा.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. बाप्पा येतात भाद्रपदात. बाहेर दमट हवा, पाऊस. आणि कॅमेरा ठेवलेला असतो कुणाच्या तरी वातानुकूलित खोलीत. थंड कॅमेरा मंडपात आणला, की फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जसे पाणी धरते तसे ते कॅमेऱ्याच्या आतही धरते. आत मिनिटाला ९००० फेऱ्या घेणारे गोल डोके असते. त्यावर ओलावा असेल तर फीत त्याला चिकटते आणि खराब होते. म्हणून कॅमेरा आधीच ओरडतो. कुठे थेंबाचे चित्र येते, कुठे ‘डी-ई-डब्ल्यू’ अशी अक्षरे, तर सोनीच्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत ‘सी:२१’ असा आकडा. ही खूण दिसली की हट्ट करायचा नाही. कॅसेट काढता येत असेल तर काढायची, झाकण उघडे ठेवायचे आणि निदान एक तास थांबायचे. फुंकर घालून किंवा केस वाळवायच्या यंत्राने घाई करायची नाही. त्याहून बरे म्हणजे ही वेळच येऊ न देणे. कॅमेरा खोलीतून काढताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा, मंडपात आणून तासभर तसाच ठेवावा आणि मग पिशवी सोडावी. पाणी धरायचे ते पिशवीच्या बाहेरून धरते. म्हणून साडेसातच्या आरतीचा कॅमेरा साडेसहाला मंडपात पोचायला हवा. हे काम यंदा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते प्रसादाच्या नारळाइतकेच मनावर घ्यावे.

याच कॅमेऱ्यांत आणखी काही आकडे येतात. ‘सी:२२’ म्हणजे डोक्यावर धूळ बसली आहे. सफाईची कॅसेट लावा, आणि तिच्या पाकिटावर जेवढे सेकंद सांगितलेत तेवढेच चालवा. ‘सी:३१’ किंवा ‘सी:३२’ आले तर कॅसेट काढून पुन्हा घाला, बॅटरी काढून पुन्हा लावा. पण ‘ई’ने सुरू होणारा आकडा, म्हणजे ‘ई:६१’, ‘ई:६२’ असे काही आले, तर आपण हात लावायचा नाही. तो दुरुस्तीवाल्याचा विषय. ‘सी’ असेल तर आपण, ‘ई’ असेल तर कारागीर, एवढे पाठ ठेवा.

चौथी गोष्ट उजेडाची, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. उघडणाऱ्या छोट्या पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय असते. ती फक्त तुमच्या डोळ्यांसाठी असते. टिपल्या जाणाऱ्या चित्रावर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. म्हणून दुपारच्या उन्हात पडदा अंधारा दिसला की चित्रही अंधारे येते असे समजू नका, आणि पडदा उजळ केला म्हणजे चित्र सुधारले असेही समजू नका. खरे सांगणारी खूण निराळी आहे. बऱ्याच चांगल्या कॅमेऱ्यांत झेब्रा म्हणून एक सोय असते. चित्राचा जो भाग फार उजळ होतो, त्यावर तिरपे पट्टे दिसतात. हे पट्टे टिपले जात नाहीत. ते फक्त तुम्हाला दिसतात. झेब्रा १०० वर ठेवला आणि पांढऱ्या धोतरावर किंवा चांदीच्या मखरावर मोठा पट्टेदार भाग दिसू लागला, तर तिथला तपशील गेला असे समजा. धोतराच्या चुण्या नंतर कुठल्याही यंत्राने परत येत नाहीत. उजेड थोडा उतरवा. मखराच्या एखाद्या टोकावर चमक राहिली तरी चालेल, बाप्पाच्या मुखावर नको. आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली शटर १/५० वर ठेवले, की चित्र थरथरत नाही.

पाचवी गोष्ट आवाजाची. पडद्यावर आवाजाची पट्टी खालीवर होत असते. बोलणाऱ्याचा आवाज साधारण उणे १२च्या आसपास फिरावा. पट्टी सारखी लाल टोकाला जाऊ लागली तर आवाज फाटतो आहे. पण ही पट्टी आवाज किती आहे तेच सांगते, कसला आहे ते सांगत नाही. जनरेटरची घरघरही ती तितक्याच आनंदाने दाखवते. म्हणून कानाला हेडफोन हवाच.

आणखी एक सूचना सभागृहासाठी. मोठ्या पडद्यावर कार्यक्रम दाखवायला आपण कॅमेऱ्याची तार प्रोजेक्टरला जोडतो, आणि मग बॅटरीचे चित्र, मिनिटे, सगळी अक्षरे प्रेक्षकांनाही दिसतात. कॅमेऱ्याच्या यादीत ‘डिस्प्ले आउटपुट’ असा पर्याय असतो. तो फक्त एलसीडीवर ठेवला की अक्षरे तुम्हाला दिसतात, प्रेक्षकांना नाही. अक्षरे नकोत म्हणून ती पूर्ण बंद करू नका. तसे केले तर इशारा वाचायलाही कुणी उरत नाही.

कार्डाच्या कॅमेऱ्याबद्दल थोडेसे. एव्हीसीएचडी ही पद्धत २००६ साली आली. तिच्यात २४ मेगाबिटच्या दर्जावर तासाला साधारण ११ जीबी लागतात. ३२ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास पुरते. पडद्यावरची उरलेली मिनिटे हा अंदाज असतो, म्हणून शेवटची दहा मिनिटे धरूच नका. कार्डाजवळचा दिवा लुकलुकत असेल तोवर झाकण उघडू नका, बॅटरी काढू नका. कॅमेरा त्या वेळी लिहीत असतो. आणि कधी ‘माहितीत विसंगती आहे, दुरुस्त करू का?’ किंवा ‘फॉरमॅट करू का?’ अशा अर्थाचा प्रश्न आला, तर उत्तर देण्याची घाई नको. कॅमेरा बंद करा, कार्ड काढून बाजूला ठेवा, दुसरे लावा. कार्डावरचे सगळे संगणकात उतरवून घेतल्यावर मग काय ते ठरवू.

शेवटची गोष्ट सर्वांत छोटी दिसते, पण आम्हाला ती सर्वांत मोठी वाटते. ती म्हणजे तारीख.

जुन्या व्हीएचएसच्या कॅसेटींत तारीख चित्रावरच उमटलेली असे. खालच्या कोपऱ्यात ते ठसठशीत आकडे डोळ्यांना खुपत. पण आज त्याच आकड्यांमुळे आपल्याला कळते, की नाट्यगीत म्हणणारे हे गृहस्थ कोणत्या साली आपल्या मंडपात बसले होते. मागे एक आजी आपल्या दिवंगत यजमानांचे गाणे ऐकायला आल्या होत्या. गाणे संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: “हे आजारपणाच्या आधीचे की नंतरचे?” कोपऱ्यातल्या तारखेने उत्तर दिले. आधीचे. त्या पुन्हा एकदा ऐकायला बसल्या.

पुढच्या कॅमेऱ्यांत तारीख चित्रावर उमटत नाही. ती फितीत किंवा कार्डावर लपून राहते आणि मागितली तरच दिसते. सोय चांगली आहे, पण त्यात एक मेख आहे. कॅमेऱ्यातले घड्याळ एका छोट्या आतल्या बॅटरीवर चालते आणि अनेक कॅमेऱ्यांत ती तीन महिने वापर नसला की संपते. आपला कॅमेरा तर एका अनंत चतुर्दशीनंतर कपाटात जातो तो थेट पुढच्या श्रावणात बाहेर येतो! घड्याळ पुसलेले असते. कॅमेरा सुरू करताच तारीख विचारतो, आणि घाईत असलेला कार्यकर्ता काहीही दाबून पुढे जातो. मग वर्षानुवर्षे चुकीची तारीख शांतपणे नोंदली जाते. चुकीचे साल दाखवणारी नोंद नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर लोक विश्वास ठेवतात.

म्हणून यंदापासून गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी सर्व कॅमेरे चोवीस तास विजेला जोडून ठेवायचे, म्हणजे आतली बॅटरी भरेल. मग दोघांनी मिळून तारीख-वेळ लावायची. एकाने लावायची, दुसऱ्याने वाचून दाखवायची. आणि रोज पहिल्या चित्रणाच्या सुरुवातीला एका कार्यकर्त्याने कॅमेऱ्यासमोर उभे राहून तिथी, तारीख, साल आणि कार्यक्रमाचे नाव मोठ्याने सांगायचे. घड्याळ पुसले गेले तरी माणसाचा आवाज राहील, आणि पन्नास वर्षांनी तो आवाजही कुणाला तरी ओळखीचा वाटेल.

आता बोलणे पुरे. कॅमेरे टेबलावर मांडले आहेत. प्रत्येकाने एक हातात घ्यावा आणि पडद्याच्या कडेवर दिसणारी प्रत्येक खूण मोठ्याने वाचावी. जी ओळखू येणार नाही, तिथे आम्हाला हाक मारावी.

गणपती बाप्पा मोरया!