नैसर्गिक हक्क आणि धारवाडचा अर्ज



माणसाला हक्क कोण देतो? राजा देतो, कायदा देतो, की माणूस ते जन्मतःच घेऊन येतो? हा प्रश्न वरवर ग्रंथांतील वाटतो. परंतु एकदा तो धारवाडच्या सरकारी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला होता.

धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. जून १८५६ मध्ये एका महार मुलाच्या वतीने तेथील शाळेत प्रवेशासाठी अर्ज करण्यात आला. प्रवेश मिळाला नाही आणि प्रकरण मुंबई सरकारपुढे गेले. २१ जुलै १८५६ च्या ठरावात सरकारने कबूल केले की, तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे. मात्र एकदोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वग्रह एकाएकी मोडू गेल्यास शिक्षणकार्याचेच नुकसान होईल, असे कारण दाखवून मुलाला दाराबाहेरच ठेवले. न्याय मान्य, प्रवेश अमान्य, असा हा निकाल होता.

ही विसंगती समजण्यासाठी नैसर्गिक हक्कांच्या विचाराचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. विश्वाला एक विवेक आहे व सर्व माणसे त्यात सहभागी आहेत, असे प्राचीन ग्रीसमधील स्टोइक तत्त्वज्ञ मानीत. रोमच्या सिसेरोने, खरा कायदा सर्व देशांत व सर्व काळी एकच असतो, असे प्रतिपादन केले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने नैसर्गिक कायद्याच्या कसोटीवर मानवी कायदा पारखला. येथवर भर कर्तव्यावर होता. सतराव्या शतकात ग्रोशिअस, हॉब्ज आणि लॉक यांच्या लेखनातून व्यक्तीचा हक्क पुढे आला. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांच्या रक्षणासाठीच राज्यसंस्था असते, असे लॉकने १६८९ मध्ये मांडले. अमेरिकेचा १७७६ चा आणि फ्रान्सचा १७८९ चा जाहीरनामा याच विचारातून स्फुरले. तरीही अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ पर्यंत टिकली.

या विचारावर आक्षेपही आले. हक्क परंपरेतून वारशाने येतात, असे बर्क म्हणे. कायद्यावाचून हक्क ही निरर्थक भाषा होय, असे बेंथमचे मत होते. बर्कला उत्तर म्हणून थॉमस पेन याने १७९१-९२ मध्ये मानवी हक्कांवर ग्रंथ लिहिला. तोच ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुले यांच्या वाचनात आला. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू केल्या. सरकारला जे अवघड वाटत होते, ते एका शिक्षकाने धारवाडच्या अर्जापूर्वीच करून दाखविले होते. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्कांसह निर्माण केले, हे सूत्र त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात विस्ताराने आले आहे.

धारवाडच्या अर्जाचा प्रवास मात्र चालूच होता. बंगाल इलाख्यातील सरकारी शाळेने अशा मुलाला नाकारले नसते, असे भारत सरकारने जानेवारी १८५७ मध्ये कळविले. सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून ढळता येणार नाही, असा निर्वाळा कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी २८ एप्रिल १८५८ रोजी दिला. पण तत्त्वाला अंमलबजावणीची जोड नव्हती. १८८२ च्या हंटर आयोगाला तेच पुन्हा सांगावे लागले.

ही उणीव संविधानाने भरून काढली. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २९ अन्वये सरकारी वा अनुदानित शाळेत केवळ जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. अनुच्छेद ३२ ने हक्कभंगाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला व त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

म्हणून हक्क जन्मसिद्ध असला, तरी तो शाळेच्या पटावर नाव चढते तेव्हाच हाती येतो. हे नाव शिक्षकाने लिहावयाचे, अधिकाऱ्याने तपासावयाचे आणि जेवणाच्या पंगतीत व पाण्याच्या माठापाशी त्या मुलाला वेगळे बसविले जात नाही ना, हे गावकऱ्यांनी पाहावयाचे आहे. "न्याय तुमच्या बाजूचा आहे, परंतु लोकांना रुचणार नाही," हे उत्तर धारवाडच्या मुलाला मिळाले होते. ते आज कोणत्याही कार्यालयातून कोणालाही मिळता कामा नये.