रॉड टाकला म्हणजे हाड जुळलं का?

(भागाचा लेखी मजकूर. ऐकताना काही सुटलं असेल तर इथे निवांत वाचा.)

मी छत्रपती संभाजीनगरमधला हाडांचा डॉक्टर. आज बोलू या मांडीच्या हाडाबद्दल.

बीड बायपास, जालना रोड, वाळूजचा रस्ता. या रस्त्यांवर दुचाकीवरून पडलेली विशी-पंचविशीतली पोरं आमच्याकडे येतात. ऑपरेशन होतं आणि दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न येतो: "डॉक्टर, रॉड टाकला ना? मग जुळलं ना हाड?"

नाही. रॉड हाड जुळवत नाही. रॉड हाडाला जागेवर धरून ठेवतो. जुळायचं काम हाड स्वतःच करतं, आणि त्याला काही महिने लागतात. आजच्या भागातून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

आधी अपघाताच्या जागेचं बोलू. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात मजबूत. ते मोडलं म्हणजे मार जबरदस्त बसलेला असतो. बाहेर जखम दिसली नाही तरी मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकतं. म्हणून पाय ओढून सरळ करायचा नाही, चोळायचा नाही. १०८ ला फोन करा. पाय हलणार नाही असा आधार द्या. पेशंटला खायला-प्यायला देऊ नका, कारण पुढे भूल द्यावी लागते. आणि मदत केली तर पोलिसांचं लफडं मागे लागेल, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं.

आता रॉडकडे येऊ. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, बांबूसारखं. त्या पोकळीत धातूची लांब सळई बसवायची, ही कल्पना यशस्वी करून दाखवली जर्मनीतल्या कील शहरातल्या गेरहार्ड क्युंटशर या सर्जनने, १९३९ साली. त्याआधी असे पेशंट पायाला वजन बांधून महिनोन् महिने पलंगावर पडून असायचे. पाठीला जखमा व्हायच्या, छातीत न्यूमोनिया व्हायचा, गुडघा आखडायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटलेले सैनिक मायदेशी परतले, तेव्हा काहींच्या मांडीत या सळया होत्या. एक्स-रे बघून तिथले डॉक्टर चक्रावले. १९४५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकातही त्याची बातमी आली.

आज हे ऑपरेशन बहुतेक वेळा मोडलेली जागा न उघडताच होतं. कमरेजवळ किंवा गुडघ्याजवळ छोटी चीर घ्यायची. सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनवर बघत आधी एक तार पोकळीतून पार करायची, पोकळी जरा रुंद करायची आणि मग नेल आत सरकवायचा. तुम्ही ज्याला रॉड म्हणता, त्याला आम्ही नेल म्हणतो. वर-खाली आडवे स्क्रू मारले की पाय फिरत नाही आणि आखूड होत नाही.

मोडलेली जागा का उघडायची नाही? कारण तिथे साचलेल्या रक्ताच्या गाठीतूनच नवीन हाडाची सुरुवात होते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ जोड तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जातं. साधारण दीड-दोन महिन्यांनी एक्स-रेमध्ये मोडीभोवती ढगासारखी पांढरी सावली दिसते. तिला कॅलस म्हणतात. ती पक्की व्हायला तीन ते सहा महिने लागतात. घासूनपुसून हाड पुन्हा मूळ आकाराकडे जाणं तर पुढे वर्ष-दोन वर्षं चालू राहतं.

स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात ना, रॉड म्हणजे ते सेंट्रिंग. स्लॅब स्वतःच पक्का होतो. सेंट्रिंग तोवर त्याला पेलून धरतं. पण धातूलाही थकवा येतो. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. हाड जुळलंच नाही आणि सगळा भार महिनोन् महिने नेलवरच राहिला, तर एक दिवस स्क्रू किंवा नेल तुटतो. मग पेशंट म्हणतो, "हलका माल टाकला." बऱ्याचदा माल चांगलाच असतो, हाड जुळायचं राहिलेलं असतं.

हाड का जुळत नाही? काही कारणं आपल्या हातात नसतात. मोड चुऱ्यासारखी असते, जखम उघडी असते, जंतुसंसर्ग होतो. पण एक कारण पूर्णपणे आपल्या हातात आहे: तंबाखू. बिडी, सिगारेट, गुटखा, खर्रा, मिसरी, काहीही असो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रक्त कमी पडतं. स्लॅबला पाणी मारणं बंद केल्यासारखंच ते. वॉर्डात पाय वर बांधलेला आणि उशीखाली पुडी, हे आम्ही रोज बघतो. निदान हाड जुळेपर्यंत तरी ती पुडी फेका. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. पायाचं सूप आवडत असेल तर जरूर प्या, पण हाडाला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे रोज पोटात जाऊ द्या.

दुसरी अडचण चालण्याची. काही जण घाबरून तीन महिने पलंग सोडत नाहीत, तर काही दुसऱ्याच महिन्यात बाइकला किक मारतात. दोन्ही चूक. नेल आणि हाड भार वाटून घेतात. योग्य वेळी, वॉकर धरून टाकलेलं वजन हाडाला जुळायला मदतच करतं. मात्र किती वजन आणि कधी, हे मोडीवर अवलंबून असतं. ते शेजारच्या काकांना नाही, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. गुडघ्याचा व्यायाम मात्र सांगितल्या दिवसापासून सुरू करा. आखडलेला गुडघा सोडवणं फार त्रासाचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तपासणीच्या तारखा चुकवू नका. हाड उशीर करतंय हे एक्स-रेमध्ये आधी दिसतं. कधी एका बाजूचा स्क्रू काढला की टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि हाड धरतं. कधी जाड नेल घालावा लागतो, कधी कमरेच्या हाडाचा चुरा तिथे भरावा लागतो. वेळेत आलात तर उपाय असतात.

खर्चामुळे हाडवैद्याकडे जायची वेळ आली असेल, तर आधी घाटीत जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा.

आणि हो, रॉड काढायलाच हवा असं नाही. त्रास नसेल तर तो आत राहू शकतो. काढायचाच असेल तर दीड-दोन वर्षांनी, हाड पूर्ण पक्कं झाल्यावर.

घरात, मित्रांमध्ये कुणाच्या मांडीत रॉड असेल तर हा भाग त्याला पाठवा. आणि पुढची तपासणी कधी आहे, तेही विचारा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट करा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, गाडी हळू चालवा. भेटू!