मामा, ग्रीफिंग म्हणजे काय?

आजचा भाग म्हणजे थोडीफार कबुलीच आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अकरा वर्षांच्या एका मुलाला माइनक्राफ्टच्या सर्व्हरवरून हाकलून दिलं. हा मुलगा माझा सख्खा भाचा.

झालं असं, की घरातली सगळी मुलं वेगवेगळ्या गावांत. सुट्टीत एकत्र खेळतील म्हणून मी एक छोटा सर्व्हर सुरू केला. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सर्व्हर म्हणजे सगळ्यांचं मिळून एक जग. तुम्ही बांधलेलं घर तुम्ही झोपायला गेलात तरी तिथंच उभं असतं, आणि बाकीचे तिथं हिंडत असतात. मी दुसऱ्या एका सर्व्हरवरचे सात इंग्रजी नियम उचलले आणि जसेच्या तसे चिकटवले. पहिलाच नियम होता, ‘नो ग्रीफिंग’.

माझ्या मुलीनं आठ दिवस खपून तळ्याकाठी एक लाकडी घर बांधलं. एका सकाळी बघते तर मागची भिंत गायब, पेटीतलं सामान गायब. ती रडायला लागली. माझ्याकडे कोअरप्रोटेक्ट नावाचं प्लगइन होतं. कुठला ठोकळा कुणी आणि कधी काढला याची ते नोंद ठेवतं. पाहिलं, तर नाव भाच्याचं. एका कमांडनं भिंत परत उभी केली, दुसऱ्या कमांडनं त्याला बॅन केलं. रागात कारणही लिहिलं नाही. कारण लिहिलं नाही, की समोरच्याला फक्त एवढंच दिसतं: ऑपरेटरनं बॅन केलंय. म्हणजे मी.

संध्याकाळी बहिणीचा फोन. ‘दादा, हा दुपारपासून जेवला नाहीये. काय केलंस तू?’ मग तोच फोनवर आला. मला वाटलं, आता सॉरी म्हणेल. तर तो म्हणाला, ‘मामा, ग्रीफिंग म्हणजे काय?’

मी सांगितलं, दुसऱ्याच्या बांधकामाची नासधूस. त्यावर तो म्हणतो, ‘पण घरात कुणीच नव्हतं. गावातल्या घरांमधून आपण घेतोच की.’

मंडळी, इथं मी गप्प झालो. कारण तो खरं बोलत होता. पोरगं दोन वर्षं एकटंच खेळत होतं. एकट्याच्या खेळात गावं लागतात, त्यातल्या घरांमधल्या पेट्या उघडून सामान घेतलं तरी खेळ काही म्हणत नाही. उलट तशीच तर सुरुवातीची कमाई होते. खेळानं त्याला जे शिकवलं तेच त्यानं माझ्या सर्व्हरवर केलं. प्लगइननं मला कोण आणि कधी ते सांगितलं होतं. का, ते विचारायचं काम माझं होतं.

त्यानंतर मी जरा बसून विचार केला. सर्व्हरवर ‘नियम’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिला नियम यंत्राचा. म्हणजे सेटिंग. खेळाडूंनी एकमेकांना मारायचं की नाही, ते पीव्हीपी बंद करून ठरवता येतं. जिथं नवा माणूस पहिल्यांदा उतरतो त्या जागेभोवती ३३ गुणिले ३३ ठोकळ्यांचा चौकोन मुळात राखीव असतो, तिथं ऑपरेटरशिवाय कुणाचा हात चालत नाही. हे नियम मोडताच येत नाहीत, म्हणून समजावूनही सांगावे लागत नाहीत.

दुसरा नियम माणसांचा. यंत्र अडवत नाही, तरी करायचं नाही. घोळ होतो तो इथं. मुलाचा सरळ हिशेब असतो: खेळ करू देतोय, म्हणजे चालतं.

तिसरा नियम कंपनीचा. २०१४ साली मोजांगनं सर्व्हरवाल्यांना बजावलं, की पैसे घेऊन खेळात वरचढ करणारं सामान विकायचं नाही. दिसण्यापुरत्या गोष्टी विकल्या तर चालेल. म्हणजे सर्व्हरच्या मालकाच्याही वर कुणीतरी आहे. तुमचं मूल ‘पैसे भरले की भारी तलवार मिळते’ असं सांगत आलं, तर हे लक्षात असू द्या.

कुणी म्हणेल, नियमच नकोत. तसाही सर्व्हर आहे. टू बी टू टी, डिसेंबर २०१० पासून चालू आहे, आणि मालकाचे नियम नसण्यासाठीच तो ओळखला जातो. तिथं घर टिकवायचं तर सुरुवातीच्या जागेपासून लाखो ठोकळे लांब जाऊन लपवून बांधावं लागतं. नियम नाहीत, पण शेजारही नाही. मला तर मुलांना शेजारी करायचं होतं.

मग मी बॅन काढला, सगळ्यांना कॉलवर घेतलं आणि सात नियमांचे चार केले. मराठीत. ‘नो ग्रीफिंग’च्या जागी आता असं आहे: ‘जे तू बांधलं नाहीस, ते विचारल्याशिवाय तोडू नकोस, घरात कुणी नसलं तरी ते घर कुणाचं तरी आहे.’ आणि बॅन करायच्या आधी एक फोन, हा नियम माझ्यासाठी.

भाच्यानं पेटीतलं सामान परत केलं. माझ्या मुलीनं दोन दिवस अबोला धरला, तेही बरोबरच. मग तो म्हणाला, ‘मामा, अजून एक विचारू? तू क्रिएटिव्हमध्ये जाऊन फुकट हिरे काढतोस, ते चालतं?’

कॉलवर सगळे हसले. मी नाही हसलो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता पाचवा नियम आहे: मामानं खेळताना क्रिएटिव्ह लावायचं नाही. हिरे मीही खणूनच काढतो. अजून सहाच मिळालेत.

तुमच्या घरात कुणी अशा सर्व्हरवर खेळत असेल, तर आज रात्री जेवताना त्याला तिथला एक नियम विचारा, आणि तो कशासाठी आहे तेही विचारा. सांगता आलं नाही तर ओरडू नका. कदाचित त्याला कुणी सांगितलंच नसेल. भेटू पुढच्या भागात.