आम्ही पाहिलेले व्हिएन्ना



या व्यासपीठावर विद्वान मंडळींनी बोलावे अशी प्रथा आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. म्हणून चालकांनी ‘व्हिएन्नात काय पाहावे’ यावर बोलायला सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो, “अहो, आम्ही परिषदेला गेलो होतो, सहलीला नव्हे.” ते म्हणाले, “म्हणूनच बोला.” तेव्हा दोष निघाला तर निम्मा त्यांच्या पदरी घालावा.

परिषद आटोपल्यावर हाती दोन दिवस मोकळे होते. पहिल्या दिवशी सगळे जातात तिकडे आम्हीही गेलो. शहराच्या मधोमध सेंट स्टीफनचे देवालय आहे. त्याचा दक्षिणेकडचा मनोरा १४३३ साली पुरा झाला. उंची १३६ मीटर. वर जायला ३४३ पायऱ्या आहेत, आणि त्या गोल फिरत जाणाऱ्या. आमच्या गुडघ्यांनी मध्येच संपाची नोटीस दिली होती. पण वरून सारे शहर दिसते, ते चुकवू नये. १९४५ च्या एप्रिलमध्ये या देवालयाला आग लागून छप्पर कोसळले, मोठी घंटा फुटली. देश कंगाल झालेला. तरी प्रत्येक प्रांताने आपापला वाटा उचलला. एकाने घंटा दिली, दुसऱ्याने फरशी, कोणी खिडक्या, कोणी बाके. १९५२ साली देवालय पुन्हा उभे राहिले. वर्गणी जमवण्यात आमचा जन्म गेला, त्यामुळे हे ऐकून आम्हांला फार बरे वाटले.

कॉफीगृहांबद्दलही सांगितले पाहिजे. एक पेला कॉफी मागवावी. तिच्याबरोबर तबकात पाण्याचा ग्लास येतो. मग लाकडी दांडीला अडकवलेले वर्तमानपत्र घेऊन दोन तास बसले तरी कोणी उठवीत नाही. चळवळीच्या माणसाला याहून मोठी सोय कोणती?

आता रिंगरस्ता. जुना तट पाडण्याचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ साली काढला आणि त्या जागी हा वर्तुळाकार रस्ता केला. ऑपेरा, संग्रहालये, पार्लमेंट, नगरभवन, विद्यापीठ, नाट्यगृह अशी एकापेक्षा एक टोलेजंग घरे तिथे ओळीने उभी आहेत. पार्लमेंट ग्रीक धाटणीचे, नगरभवन गॉथिक. ऑपेरात उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात, आणि आपली जागा राखायला लोक कठड्याला गळपट्टा बांधून ठेवतात. हा रिवाज आम्हांला अगदी घरचा वाटला. रस्त्याचे उद्घाटन १८६५ साली १ मे रोजी झाले. सम्राटाला काय ठाऊक, की बरोबर पंचवीस वर्षांनी त्याच तारखेला शहरातले कामगार पहिला मे दिन पाळायला हजारोंनी प्रॅटरच्या बागेकडे चालत जाणार आहेत!

आमच्या वाटाड्याने प्रत्येक इमारतीच्या शिल्पकाराचे नाव सांगितले. विटा कोणी भाजल्या, हे आम्ही विचारले. तो हसला. उत्तर आम्ही नंतर पुस्तकांत शोधले. विटा दक्षिणेकडच्या वीनरबर्ग टेकडीवरच्या भट्ट्यांतून येत. राबणारे बहुतेक बोहेमिया-मोराव्हियातून आलेले चेक लोक. व्हिक्टर ॲडलर नावाचा डॉक्टर १८८८ साली तिथे चोरून शिरला आणि पाहिलेले त्याने आपल्या पत्रात छापले. मजुरी पैशांत नव्हे, पत्र्याच्या बिल्ल्यांत मिळे, आणि बिल्ले चालत फक्त भट्टीवरच्याच खानावळीत नि दुकानात, तेही चढ्या दराने. असे करणे कायद्याने बंद होते. कायदा होता आणि बिल्लेही होते. श्रोत्यांपैकी कारखान्यात गेलेल्यांना हे निराळे सांगायला नको. आज त्या मातीच्या खाणींच्या जागी तळे आहे, भोवती झाडी आहे, लोक पोरेबाळे घेऊन फिरायला येतात. जाणाऱ्याने तिथेही एक संध्याकाळ काढावी.

दुसरा दिवस आम्ही एकाच जागेला दिला. भुयारी रेल्वेच्या चार नंबरच्या मार्गावर शेवटचे स्थानक हायलिगेनश्टाट. बाहेर पडले की समोर कार्ल मार्क्स होफ. लांबी किलोमीटरहून अधिक, बिऱ्हाडे १,३८२. नगरपालिकेने १९२७ ते १९३० या काळात बांधले; शिल्पकार कार्ल एन. पैसा कुठून आणला? ह्यूगो ब्राइटनर हे अर्थखाते पाहत. त्यांनी घरबांधणीचा कर बसवला. लहान घराला नाममात्र, मोठ्या हवेलीला जबर. त्याखेरीज मोटारी, नोकरचाकर, चैनीची पेये यांवर निराळे कर. एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर बांधकाम आहे, बाकी बाग. धुलाईघर, न्हाणीघरे, बालवाडी, वाचनालय, सगळे आत.

त्याच दशकात आमच्या मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकशे साठ चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामाईक. आम्ही तसल्याच खोलीत वाढलो. होफच्या अंगणात एक वृद्ध बाई भेटल्या. दुभाष्याकरवी आम्ही विचारले, “पूर्वी संडास किती बिऱ्हाडांत एक असे?” त्यांना प्रश्नच समजेना. तीनदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, “किती बिऱ्हाडांत म्हणजे? घरातच. पहिल्या दिवसापासून.” आमचा सोबती बराच वेळ बोलला नाही.

१९३४ च्या फेब्रुवारीत डॉलफुस सरकारने याच घरांवर तोफा डागल्या. आत हत्यारबंद कामगार होते, तशी बायकामुलेही होती. समोरच्या चौकाला १२ फेब्रुवारीचे नाव आहे. जुन्या धुलाईघरात आता त्या काळाचे छोटे संग्रहालय आहे. मात्र ते रोज उघडे नसते. आम्ही एकदा बंद दारावरून परतलो. दिवस नि वेळ आधी विचारूनच जावे.