राजाची ऐट आणि रस्त्यावरचा पोशाख

श्रोतेहो, जुन्या संस्थानिकांची तैलचित्रे आपण पाहिली असतील. भरजरी अंगरखा, मोत्यांचे कंठे, तलवारीच्या मुठीवर हात. बघणाऱ्याची मान आपोआप लवावी, अशीच त्यांची मांडणी असते.

बडोद्याचे सयाजीराव महाराज घ्या. जन्म १८६३ चा, नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला. १८७५ मध्ये ते दत्तक गेले आणि पुढे राजा रविवर्म्याने त्यांना राजवेषात रंगवले. माणूस तोच, पोशाखाने बघणाऱ्याची नजर बदलली.

महात्मा फुल्यांनी उलट केले. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. नटूनथटून आलेल्या बड्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. खरी रयत कशी राहते, ते पाहुण्याला दिसावे म्हणून!

हेच अमेरिकेतील कृष्णवर्णी चित्रकार केहिंदे वायली यांनी चित्रात केले. आल्प्स पर्वत ओलांडणारा घोड्यावरचा नेपोलियन दाविद या फ्रेंच चित्रकाराने रंगवला होता. वायलींनी २००५ मध्ये तीच मांडणी घेतली. घोडा तसाच उधळलेला, खांद्यावरचे वस्त्र तसेच फडफडते. स्वार मात्र आजचा काळा तरुण: लष्करी ठिपक्यांचे कपडे, डोक्याला रुमाल, पायांत जाड बूट. बंडखोर पोरांचा म्हणून ज्याला नाके मुरडतात, तो हा पोशाख. खडकावर नेपोलियनच्या नावाबरोबर ‘विल्यम्स’ हे साधे आडनावही कोरलेले आहे.

कोणी म्हणेल, ही थट्टाच झाली. तसे नव्हे. थट्टा करायची असती तर स्वाराचे सोंग काढले असते. इथे त्याला राजाइतक्याच निगुतीने रंगवले आहे. मान कपड्यांचा की माणसाचा, हा प्रश्न चित्र विचारते. याच चित्रकाराने रंगवलेले माजी राष्ट्राध्यक्ष ओबामांचे चित्र २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात लागले.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्या कोरपना तालुक्यातही आहे. पोराला आईबापाचे चित्र काढायला सांगा. तो बापाला कोट घालील आणि आईला दागिने. त्याला सांगा, कापूस वेचताना आई कमरेला ओटी बांधते ना, तशीच ती काढ. बाप सिमेंटच्या कारखान्यात जातो, तर त्याच धुळीच्या कपड्यांत त्याला काढ. फक्त बसव मात्र राजासारखा, ताठ मानेने. पोरे आधी लाजतील. ती लाज कुठून आली, यावर मग वर्गात बोला. चित्र थोडे वाकडे आले तरी चालेल.